इंटर्नशिप कशी उरकावी: रायगड किनाऱ्यावरच्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही तिसऱ्या वर्षाला पोचलात आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी एक लांबलचक पीडीएफ टाकली. ती उघडायची नाही. उघडली तर वाचावी लागेल, वाचली तर शंका येतील, आणि शंका विचारल्या तर सरांनाही ती उघडावी लागेल. सार इतकंच आहे: नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. चार श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, एकूण १२० तास कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. ते कसे काढावेत याची ही मार्गदर्शिका.

जागा शोधणे

उरणपासून खाली येत गेलं तर कामाच्या जागांना तोटा नाही. उरणला बंदर आणि ओएनजीसी, थळला आरसीएफचा खतकारखाना, उसरला गेल, डोलवीला पोलाद. या भागातल्या निम्म्या घरांतलं कोणीतरी कंपनीत असतं आणि उरलेल्या निम्म्या घरांची जमीन कंपनीत असते. तेव्हा अर्ज करू नका, बायोडाटा लिहू नका. बाबांना सांगा. बाबा काकांना फोन लावतील.

‘अरे, आपल्या पोरीला इंटर्नशिप पाहिजे होती.’

‘म्हणजे आत यायचंय की सही पाहिजे?’

प्रश्न उद्धट वाटला तरी व्यवहारी आहे. आत यायचं म्हणजे कॉलेजचं पत्र, गेटपास, विमा, सेफ्टीचं लेक्चर, हेल्मेट, बूट, वर खातेप्रमुखांची परवानगी, आणि खातेप्रमुख रजेवर. सही दोन मिनिटांत होते. नवशिक्याने ‘सही’ म्हणावं आणि वीस दिवस वरसोलीच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळावं.

काका नसतील तर अलिबागेत कोर्टाजवळचे वकील आहेत, करसल्लागार आहेत, पतसंस्था आहेत. तेही नसेल तर नागावला मामाचं कॉटेज आहेच. तिथे तुमचं पद सोशल मीडिया मॅनेजर. काम: शनिवार सकाळपासून ‘पर हेड किती?’ या एकाच प्रश्नाला उत्तर देत राहणं. समुद्र किती लांब, याला ‘दोन मिनिटं’ म्हणणं. पावसाळ्यात गेटवेवरून सुटणाऱ्या मांडव्याच्या बोटी बंद असतात हे सांगणं, आणि रो-रो भाऊच्या धक्क्यावरून निघते, गेटवेवरून नाही, हे त्याच माणसाला पुन्हा पुन्हा सांगणं. अहवालात याला ‘ग्राहक संबंध व्यवस्थापन’ म्हणतात.

चेष्टा करतोय खरा, पण माझ्या पाहण्यात परीक्षकांपुढे नीट तोंड उघडतात ती याच कॉटेजवरची पोरं. शनिवारचा भाव मंगळवारी का चालत नाही, हे त्यांना कळलेलं असतं. सुरमईची थाळी वर्षभर एका दराने का देता येत नाही, हेही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मग मासा येतो कुठून, तो बर्फातला किती दिवसांचा, आणि पाहुण्याला ते सांगायचं की नाही? मागणी-पुरवठ्याचं प्रकरण त्यांना प्राध्यापकांनी शिकवलेलं असतंच, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं बोलावं की नाही, हा भाग अभ्यासक्रमात नाही. हिवाळ्यात मामी पोपटी लावायला बसते तेव्हा तर कामकाज पाहण्यासारखं असतं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडी. मडकं पालथं घालून भोवती जाळ. किती वेळ ठेवायचं? मामी घड्याळाकडे बघत नाही, वास आला की म्हणते, ‘काढा आता.’ हे वाक्य लॉगबुकात कोणत्या रकान्यात लिहायचं, ते विद्यापीठाने कळवलेलं नाही.

श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या मुलांसाठी वेगळी सूचना. तुमच्या १२० तासांइतकेच तास एसटीत जातील आणि ते मोजले जाणार नाहीत. म्हणून अलिबागकडे धावू नका. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, आणि त्याहून जवळ तुमच्या आजोबांची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने त्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं रोप लावल्यावर फळाला यायला कित्येक वर्षं जातात. तोवर वाडीवाला कशावर जगतो, मधल्या जागेत काय लावतो, कोणाकडून उसने घेतो, भरपाईचे पैसे कशात गेले, याचा हिशेब कोणत्याही वाणिज्य शाखेच्या मुलाने एकदा आजोबांसमोर बसून मांडावा. मांडल्यावर त्याला ताळेबंद कळतो. आजोबांनाही कळतो, आणि मग ते दोन दिवस बोलत नाहीत.

विद्यावेतन

हा शब्द पीडीएफमध्ये आहे. बाहेर कुठे आढळल्यास कळवावं.

सरकारी योजनांचे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत त्याच वर्षी महिना ५,००० ठरले. पण २०२४च्या नियमांत राज्याच्या योजनेला शिक्षण चालू असलेला उमेदवार चालत नाही, आणि केंद्राच्या योजनेला पूर्णवेळ शिकणारा. म्हणजे शिकत असताना कामावर गेलात तर फुकट, आणि शिकणं संपवून घरी बसलात की पैसे. यातलं तत्त्व मला समजावून घ्यायला आवडेल.

फुकट राबण्याबद्दल या किनाऱ्याचं मत मात्र जुनं आणि ठाम आहे. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. पिकातला मोठा वाटा खोताचा, वर वेठ वेगळी. कुळांनी शेतं ओसाड ठेवली, रानातून लाकूडफाटा आणि खाडीतून मासळी आणून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. त्याच मातीतली पोरं आज ‘अनुभव मिळेल’ एवढ्या शब्दावर दोन महिने कोणाच्या तरी कचेरीत झेरॉक्स काढत उभी असतात. तुलना ताणणार नाही. ओजेटीवाल्याला डबा घरून येतो, कुळांना तो प्रकार नव्हता. पण स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा: मी नसतो तर या कामाला पगारी माणूस ठेवावा लागला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर ती नोकरी आहे, तोंड उघडा आणि पैसे मागा. उत्तर ‘नाही’ असेल, उलट तुम्हाला समजावण्यात त्यांचाच वेळ मोडत असेल, तर गप्प बसा आणि त्यांचा आणखी वेळ खा. इंटर्नशिपमध्ये घेण्यासारखं असतं ते हेच: ज्याचा तास महाग आहे, अशा माणसाचा फुकट मिळालेला तास.

लॉगबुक भरणे

लॉगबुक १२० तासांचं असतं आणि भरायला एक रात्र पुरते. दोन पेनं घ्या, शाई सारखी दिसता कामा नये. मधेच एखादा दिवस गैरहजर दाखवा, खरं वाटतं. रविवारी कामावर गेल्याची नोंद ही नवशिक्याची हमखास चूक. २६ जानेवारीला पतसंस्थेत पासबुकं भरल्याची नोंद त्याहून मोठी. पाचव्या दिवसापासून पुढे ‘कालच्या कामाचा आढावा घेतला’ हे वाक्य कुठेही खपतं.

फक्त ते लिहायला बसण्यापूर्वी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जाऊ नका, हात चालत नाही. मुंबईत कुलाब्याला १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की त्या विजेने आपली उपकरणं खोटं सांगायला लागणार. म्हणून लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला सुरू झाली. गंमत पुढे आहे. नवीन जागा मिळाली म्हणून त्यांनी कुलाब्याला लगेच कुलूप लावलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक कळेल आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येईल. मग कुलाब्याच्या नोंदी थांबल्या, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिची शतकाहून जुनी मालिका अजून अभ्यासकांच्या उपयोगी पडते, कारण ती शेवटच्या रात्री बसून भरलेली नाही.

दोन वर्षं तीच मोजणी, तीही दोन ठिकाणी! कल्पना करा, तिथे मदतनीस असलेल्या पोराला काय वाटत असेल. वर्गात कंटाळा आला तर तो सरांच्या माथी मारता येतो. कामावरचा कंटाळा मात्र कामाचाच भाग असतो. पतसंस्थेतली बाई दिवसाला शंभर पावत्या त्याच क्रमाने तपासते आणि शंभरावीतली चूक पकडते, ती कशी? बघत बसल्याशिवाय ते कळत नाही. माझ्या मते कॉलेजच्या पोरांना बाहेर पाठवण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे, आणि कोणत्याही पीडीएफमध्ये ते लिहिलेलं नाही. कंटाळ्याला श्रेयांक देणार तरी किती?

मार्गदर्शक निवडणे

मांडव्याहून अलिबागला येताना वाटेत किहीम लागतं. १९३० साली तिथे एक चौतिशीचा बेकार गृहस्थ बायकोबरोबर राहायला आला. विद्यापीठाची पदवी नाही, आणि त्यापायी सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा हुकलेली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी होती. तिच्यातून रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि तिथल्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकत बसला. परत येतो तो काय, पैसे नाहीत म्हणून इकडे जागाच रद्द झालेली. हे सलीम अली.

आता हा माणूस आपल्या ग्रुपमध्ये असता तर सरांनी त्याला काय सांगितलं असतं? ‘लेटरहेड आणा, मग बघू.’ किहीमला लेटरहेड नव्हतं. सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते खोप्यांसमोर बसून राहिले, कोण येतो, कोण जातो, कोण काय आणतो ते टिपत राहिले, आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख आला. त्याआधी लोकांना वाटत होतं त्यापेक्षा प्रकरण बरंच वेगळं निघालं. खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात. पसंत पडला तर मादी राहते आणि मग नर पुढची नळी विणून घर पुरं करतो. नाही पडला तर खोपा तसाच लोंबत राहतो. आणि एक घर लागलं की हा बाबा शेजारी दुसऱ्या खोप्याला हात घालतो, दुसरीसाठी. नवशिक्यांनी यातला शेवटचा भाग सोडून बाकीचं घ्यावं. अर्धं काम घेऊन दारात उभं राहायला हरकत नाही. बघणाऱ्याला विणीवरून कळतं.

जाता जाता: बहिणाबाईंच्या कवितेमुळे विणकामाचं सगळं श्रेय मादीला गेलं आणि आपण सगळे शाळेत तेच पाठ करून मोठे झालो. काम कोणाचं आणि नाव कोणाचं, हा विषय इंटर्नला शिकवावा लागत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने केलेली एक्सेल शीट साहेबांच्या नावाने पुढे गेलेली असते.

शिफारसपत्र

ते तुम्हीच लिहून न्यायचं असतं. साहेब फक्त ‘अत्यंत’ हा शब्द वाढवतात.

शिफारशीची वेगळी तऱ्हाही इथे होऊन गेली आहे. सासवण्याच्या एका मुलाने गावच्या देवळाच्या भिंतीवर चित्र काढलं. वडील गणपती करायचे, हात तिथे बसलेला. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते चित्र नजरेस पडलं आणि त्यांनी त्या मुलाला मुंबईला, जे. जे. कलाशाळेत धाडलं. हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. सासवण्याच्या त्यांच्या घरी शिल्पांचं संग्रहालय आहे, तिथली म्हैस बघायला जरूर जा. कलेक्टरसाहेबांनी आधी काम पाहिलं, मग शिफारस केली. हल्ली क्रम उलटा असतो, आणि कधी कधी काम राहूनच जातं.

तोंडी परीक्षा

‘तुम्ही तिथे काय शिकलात?’ या प्रश्नाला ‘टीमवर्क’ म्हणा. ‘आणखी?’ ‘टाइम मॅनेजमेंट.’ बहुतेक परीक्षक इथे समाधान पावतात, त्यांनाही पाचची रो-रो पकडायची असते. एकाच प्रकारच्या परीक्षकापासून सावध राहा, जो चष्मा पुसत सहज विचारतो, ‘तिथे सकाळी कुलूप कोण उघडायचं?’ याचं उत्तर गूगलवर नाही.

पेणचा अपवाद

इथपर्यंतच्या सगळ्या युक्त्या पेणच्या अलीकडे-पलीकडे चालतात. हमरापूर, जोहे या गावांत चालत नाहीत. तिथे घरोघर गणपतीचे कारखाने आहेत आणि कारखान्यात रिकामा माणूस लपवायला जागाच नसते. चहूकडे मूर्ती. नवं पोरगं दारात आलं की मालक वर न बघता म्हणतात, ‘आलास तं हात लाव, बघाला आलास तं बाजूला बस.’

हात लावला तर हातात पॉलिश पेपर येतो. साच्यातून काढायचं, जोड बसवायचे, घासायचं, पांढरा हात द्यायचा, रंगवायचं, आणि सगळ्यांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे. डोळे सगळे आखत नाहीत. तो हात कारखान्यात एखाद्या-दोघांचाच, त्यांना कोणी हाक मारत नाही, मोबाइलही बाजूला ठेवलेला असतो. तुम्ही घासायचं. सोंडेच्या वळणात कागद कसा घालायचा हे कोणी समजावत नाही. शेजारचा घासतो तसं करायचं, आणि चुकलं की तो तुमच्या हातातून मूर्ती काढून घेतो, दोनदा फिरवतो, परत देतो. शिकवणी झाली.

याच्या बदल्यात वाणिज्यवाल्याला काय दिसतं ते बघा. परदेशी जाणारा माल महिनोन्‌महिने आधी निघावा लागतो, कारण बोटीला तिचा वेळ लागतो. म्हणजे पैसे आधी घालायचे, कारागिरांना उचल द्यायची, बँकेचं व्याज चालू ठेवायचं, आणि वसुली पार गणपतीच्या तोंडावर. पीओपीचं काय होणार हे कोर्टात ठरतं, पण साचे आणि मालाची मागणी त्याआधीच ठरवून बसावं लागतं. जगातल्या कोणत्याही ऑर्डरची तारीख चार दिवस पुढे ढकलून मागता येते, भाद्रपद शुद्ध चतुर्थीची येत नाही. खेळतं भांडवल, हंगामी मागणी, कायद्याची जोखीम, मुदतीत माल: चार पेपरांचा अभ्यासक्रम एका पत्र्याच्या शेडखाली, आणि तोंडात धूळ.

कसं जायचं ते सांगतो. ईमेल पाठवू नका, कोणी वाचत नाही. परीक्षा संपल्या की मे महिन्यात सकाळी पेण स्टँडवर उतरा, रिक्षा करा आणि पहिल्या उघड्या शेडपाशी थांबा. पहिल्या ठिकाणी नको म्हणाले तर शेजारी जा. डबा बरोबर न्या, नाकाला बांधायला रुमालही. काळे कपडे घालू नका. घासकामाची पूड दुपारपर्यंत ते पांढरे करते आणि परतीच्या एसटीत शेजारचा माणूस सरकून बसतो. लॉगबुक न्यायला हरकत नाही, पण पिशवीतून काढू नका. पानांवर पूड बसली की शाई उमटत नाही.